लग्नघरातून चाळीस मिनिटं

उजनीचा बेत मी फेब्रुवारीपासून आखत होते. शाळेला सुट्टी लागली की मुलाला घेऊन पुण्याहून माहेरी सोलापूरला जायचं, वाटेत भिगवणला एक रात्र मुक्काम करायचा, पहाटे नावेतून पाण्यात शिरायचं आणि रोहित पक्ष्यांचा थवा त्याला दाखवायचा. भीमेवरच्या या धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं, काठचा चिखल उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित माना खाली घालून चरत असतात. मैत्रिणीची दुर्बीण मागून ठेवली होती. मुलासाठी कोरी वही घेतली होती. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दादाचा फोन आला. पुतणीच्या लग्नाची तारीख निघाली होती, मेच्या शेवटच्या आठवड्यातली.

"सुट्टी लागली की सरळ इकडं ये," दादा म्हणाला. "भिगवणचं पुढच्या वर्षी बघू. आईच्यानं आता होत नाही, आणि तुझ्या वहिनीनं एकटीनं काय काय करायचं?"

त्याचं बरोबरच होतं. घरातलं पहिलं लग्न आणि मी एकुलती एक आत्या. एसटीनं निघालो. भिगवणच्या पुढं डाव्या हाताला उजनीचं पाणी लांबवर चकाकताना दिसलं. मुलगा काचेला कपाळ टेकून बसला होता. गाडी थांबणार नव्हती. "गेलं," एवढंच तो म्हणाला आणि वही पिशवीत ठेवून दिली. मला फार वाईट वाटलं.

घरी पोचलो तर दादानं दिवाणखान्याच्या भिंतीवर यादी चिकटवलेली. पत्रिका वाटप, बस्ता, केळवणं, रुखवत, मंडप, आचारी, मानपान, नवरीच्या ब्लाउजचा शिंपी. आईनं त्यात स्वतःच्या हातानं एक ओळ घातली होती, "कुरडया घरीच". रुखवतात विकतची कुरडई ठेवायची म्हणजे तिला अपमान वाटतो. त्याच रात्री गहू भिजत पडले. ज्यांनी कुरडया केल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, आणि चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. म्हणजे चीक शिजेपर्यंतच्या सकाळी मोकळ्या. मी मनात हा हिशेब केला आणि वहिनीनं तो माझ्या तोंडावर वाचला.

"ताई, साडेसहाला परत या," ती म्हणाली. "त्यानंतर तुम्ही माझ्या."

आमचं घर विजापूर रोडला, कंबर तलावापासून दहा मिनिटांच्या चालीवर. पाटीवर आता धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण घरात सगळे कंबर तलावच म्हणतात. साडेपाचला निघायचं, जायला दहा मिनिटं, यायला दहा. हातात उरली चाळीस मिनिटं. माझे वडील, अण्णा, रोज जातातच. शहात्तर वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो, हातात काठी असते. जन्मभर मिलच्या भोंग्यावर उठलेले. मिल बंद पडून जमाना झाला तरी पाचला डोळे उघडतात. पाखरांचा नाद त्यांना उशिरा लागला. २००६ साली सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते. आपल्याच गावात जन्मलेला माणूस जंगलखात्यात नोकरी करून पाखरांची मराठी नावं गोळा करतो, एवढ्या कुतूहलापोटी अण्णा मांडवात जाऊन बसले, आणि तिथून आल्यावर तळ्याकडं बघण्याची त्यांची नजरच बदलली. चितमपल्ली १८ जून २०२५ ला सोलापुरातच गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. अण्णांना त्या आठवड्यात कुणी सणासारख्या शुभेच्छा दिल्या की फार आवडतं.

पहिल्या सकाळी आम्ही सगळंच चुकीचं केलं. म्हणजे मी केलं, अण्णा नुसते बघत उभे होते. तळ्याशी पोचल्याबरोबर दुर्बीण डोळ्यांना लावली आणि समोर उगवत्या सूर्याच्या झळाळीत सगळी पाखरं काळी कुळकुळीत. बदक काळं, बगळासुद्धा काळा. मुलगा म्हणाला, "आई, सगळे कावळेच आहेत." दहा मिनिटं अशी गेल्यावर अण्णांनी काठीनं दिशा दाखवली.

"ऊन पाठीवर घे. तुला दिसायला पायजे, त्यांना नाही."

काठाकाठानं थोडं वळून गेलो, सूर्य पाठीशी आला आणि तेच पाणी रंगांनी भरलं. एवढी साधी गोष्ट, पण मला चाळिशीत शिकायला मिळाली. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती दुर्बिणीची. ८ × ४२ असं तिच्यावर लिहिलेलं असतं. आठ पट जवळ दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. भिंग जितकं मोठं तितका पहाटेच्या अंधुक उजेडात उपयोग. पण आधी नुसत्या डोळ्यांनी पाखरू धरायचं, नजर न हलवता मग दुर्बीण वर आणायची. दुर्बिणीतून पाखरू शोधायला गेलं की पाणीच पाणी दिसतं. मुलाला हे माझ्याआधी जमलं.

आणि मग नावं. मी शहरात वाढलेल्या मुलाला नावं शिकवायची म्हणजे कोशातून शिकवणार होते, पण सोलापूरच्या तळ्यावर नावं स्वतःच चालत आली. पाण्याच्या मध्यभागी काळ्या गुबगुबीत पाखरांची दिंडी निघावी तसा थवा चालला होता. अंग काळं, चोच पांढरी, आणि चोचीपासून कपाळावर वर चढत गेलेला पांढरा टिळा.

"हे वारकरी," अण्णा म्हणाले.

मुलाला पटेना. पंढरपूर इथून बहात्तर किलोमीटरवर, आषाढीला आमच्या घरावरून दिंड्या जातात, वारकरी त्यानं डोळ्यांनी पाहिलेत. मी दुर्बीण त्याच्या हातात दिली. थोडा वेळ गेला आणि तो हळूच म्हणाला, "बुक्का नाही, गंध लावलंय." मग त्या पाखराला दुसरं कुठलं नाव असणार! वारकरी बदकासारखा पोहतो, पण बदक नाही. पाणकोंबडीच्या कुळातला आहे. बदकाची बोटं पडद्यानं जोडलेली असतात, याच्या प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या पाळ्या असतात. उडायचं असलं की आधी पाण्यावरून पाय आपटत लांब धावतो. हिवाळ्यात उत्तरेकडून मोठ्या संख्येनं येतात, पण थोडे आपल्याकडं बारमाही राहतात, आणि मेमध्ये दिसले ते हेच राहिलेले.

इथं मला माझ्या उजनीच्या बेताबद्दल पहिल्यांदा वेगळं वाटलं. उन्हाळ्यात तळ्यावर काय बघायचं, पाहुणे पक्षी तर सगळे निघून गेलेले, असं मी धरून चालले होते. हिवाळ्यात सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर येणारे राजहंस, ज्यांना पट्टकादंब म्हणतात, मेपर्यंत हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडं पोचलेले असतात. चक्रवाक लडाखकडं. तलवार बदकं, थापट्या, सगळे गेलेले. उरतात ते ज्यांना दुसरं गाव नाही. पारा ४२ च्या वर, पाणी रोज बोटभर खाली, जलपर्णीनं एक कड झाकलेली, आणि त्याच पाण्यात यांचा संसार. गर्दी ओसरल्यावर घरची माणसं नीट दिसावीत तसं झालं.

दुसऱ्या सकाळी मोजणी केली. वहीत रकाने आखून मुलगा तयार होता. वारकऱ्यांसाठी दहाचा एक पुंजका डोळ्यांत बसवायचा आणि तेवढाल्या पुंजक्यांनी पुढं सरकायचं. एकेक मोजत गेलं की थवा हलतो आणि पहिल्यापासून सुरुवात. टिबुकलीचं मात्र वेगळं. मुठीएवढं पाखरू, पाय शरीराच्या अगदी मागं, जमिनीवर धड चालता येत नाही पण पाण्याखाली मासोळीसारखं. मोजायला लागलं की दोन बुडी मारतात, तीन भलतीकडं वर येतात. मुलानं एकीवर नजर ठेवून आकडे म्हटले. सतराला वर आली, पुढच्या वेळी बावीसला. अण्णांची रीत अशी की तीनदा मोजायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. पहिल्यांदा सहा आल्या, मग नऊ, मग आठ. नऊ लिहिल्या. उन्हाळ्यात टिबुकलीची मान विटकरी लाल होते आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उठून दिसतो. घोड्याच्या खिंकाळण्यासारखा बारीक लांबलचक आवाज तिचाच.

त्या दिवशीच्या वहीतलं पान असं आहे: वारकरी ३४, टिबुकली ९, हळदी-कुंकू ११, जांभळी पाणकोंबडी ६, पाणकावळे १४, वंचक ५, कमळपक्षी २. कमळपक्ष्यांपुढं मुलानं उद्गारचिन्ह काढलं आहे, कारण दोघांपैकी एकाला लांब काळी शेपटी फुटली होती. ही शेपटी विणीच्या दिवसांतच येते, हिवाळ्यात नसते. बोटं इतकी लांब की तरंगत्या पानावर भार वाटून जातो आणि पाखरू पाण्यावर चालल्यासारखं दिसतं. यांच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं नराकडं. मादी दुसऱ्या नराबरोबर दुसरं घर मांडते. मुलानं "का?" विचारलं. अण्णांनी सरळ उत्तर दिलं, "अशा काठावर अंडी फार जातात, म्हणून जास्त घालावी लागतात." मला त्यांचं हे आवडतं. मुलांच्या प्रश्नाला ते हसण्यावारी नेत नाहीत.

हळदी-कुंकू मात्र मी मुद्दाम शेवटी सांगायला ठेवलं. तपकिरी, खवल्याखवल्यांचं, लांबून अगदी साधं दिसणारं बदक. नर-मादी जवळजवळ सारखी. दुर्बिणीतून चोच बघावी. काळी चोच, तिच्या टोकाला पिवळा धमक पट्टा आणि मुळाशी, कपाळाजवळ, दोन लालबुंद टिकल्या. कुणा बाईनं हे नाव ठेवलं असणार याबद्दल मला शंका नाही. सवाष्णीला वाण देताना बोटाला लागलेली हळद आणि कुंकू जिनं रोज पाहिलं असेल तिलाच त्या चोचीत ते दिसेल. मी कितीतरी वेळ त्या अकरा पाखरांकडंच बघत राहिले आणि परतायला पावणेसात झाले. वहिनी दारातच उभी होती. त्या दिवशी नळाला पाणी येण्याचा वार होता. पिंपं, घागरी, बादल्या सगळं भरायचं होतं आणि तिच्या हाताखाली कुणी नव्हतं. ती काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं मला वाटलं, इतकं ते लागलं. त्यानंतर मी घड्याळात सव्वासहाचा गजर लावला आणि तो पाळला.

मधले दोन दिवस तळं झालं नाही. पाचव्या पहाटे चीक शिजला, गच्चीवर प्लास्टिक अंथरून सोऱ्यानं कुरडया घातल्या, मग राखत बसायचं काम मुलाकडं आलं. आई म्हणाली, "पाखरं बघायची हौस आहे ना, मग इथं बस." तो बसला, आणि संध्याकाळी वहीत "चिमण्या १२, साळुंक्या ४, कावळा १ (कुरडई नेली)" अशी नोंद होती. दुसऱ्या दिवशी बस्ता. सकाळी दहाला चाटी गल्लीत शिरलो ते दिवेलागणीला बाहेर पडलो.

पत्रिका छापून आल्यावर पहिली ग्रामदैवताला. सिद्धेश्वरांच्या देवळात सगळे एकत्र गेलो. देऊळ तळ्याच्या मधोमध. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमदानातून हे तळं खोदवलं असं सोलापुरात लहानपणापासून ऐकवलं जातं. भटजी येईपर्यंत थोडा वेळ मिळाला. काठावर पाणकावळा पंख पसरून उभा होता, दोरीवर धोतर वाळत घालावं तसा. पुतणी म्हणाली, "ऊन खातोय का?" तिच्याकडून आलेला हा पहिला प्रश्न, तोवर ती आम्हाला 'पाखरंवाले' म्हणून चिडवत होती. मी सांगितलं, पाणकावळ्याची पिसं बदकासारखी पाणी झटकून टाकत नाहीत, भिजतात. भिजल्यामुळं अंग जड होतं आणि खोल बुडी मारून मासा धरता येतो, पण मग वर येऊन पंख वाळवावे लागतात. ती म्हणाली, "म्हणजे रोज केस धुवायचे आणि रोज वाळवायचे." पाणकावळ्याचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

दुसरी पत्रिका कुलस्वामिनीला, तुळजापूरला. आणि हा रस्ता हिप्परग्यावरून जातो.

हिप्परग्याचा, म्हणजेच एकरुखचा, हा तलाव १८७१ मध्ये अदिला नदीवर मातीचं धरण बांधून तयार झाला. लहानपणी सहलीला नेलं होतं तेव्हा मला तो समुद्र वाटला होता. आता मेच्या मध्यात पाणी बरंच आत सरकलं होतं, तळाची काळी जमीन भेगाळून उघडी पडली होती आणि त्या जमिनीत ट्रॅक्टर उभे होते. गाळ काढायचं काम चाललं होतं. उन्हाळ्यात तळातली माती शेतकरी शेतात नेऊन पसरतात. तलावही खोल होतो, शेतही कसदार होतं. दर्शन घेऊन परतताना साडेपाच वाजले होते. दादाला घाई होती, मंडपवाला सातला येणार होता. मी कधी नव्हे ते हट्ट धरला. "वीस मिनिटं. यादीत लिही हवं तर."

गाडी कडेला लावून उतरलो. आई गाडीतच बसली. वहिनी मात्र उतरली, त्याचं मला बरं वाटलं.

पाण्याच्या कडेला शेकाटे होते, गुलाबी काड्यांसारख्या पायांवर उभे, पंधरा तरी. पलीकडं नदी सुरय पाण्यावर झेप घेत होते. दुर्बीण हातोहात फिरली. आम्ही थोडं खाली उतरलो आणि डोक्यावर टिटवी ओरडायला लागली. एक नाही, दोन. आमच्या अंगावर येतात, वळतात, पुन्हा येतात. अण्णा काठी रोवून जागच्या जागी थांबले.

"कुणी पुढं पाऊल टाकू नका. अंडी आहेत."

जमिनीवर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खडे, ढेकळं, वाळकी शेवाळ. तेवढ्यात ट्रॅक्टरवरचा पोरगा खाली उतरून आमच्याकडं आला. डोक्याला गमछा, अंगभर गाळ.

"ताई, काय बघायलाव?"

"टिटवीची अंडी शोधतोय."

"ती व्हय. तिथं हायत." त्यानं हात केला. दहा पावलांवर डोक्याएवढे सात-आठ दगड गोल मांडून ठेवलेले होते. "परवा चाकाखाली येत हुती. मंग दगडं मांडली. आता सगळे ट्रॅक्टर तिकडनं वळवून नेतेत."

आम्ही लांबूनच, एकेकानं दुर्बिणीतून पाहिलं. दगडांच्या मध्ये जेमतेम बशीएवढी खळगी, तिच्यात बारीक खड्यांची कड, आणि चार अंडी, टोकं आत करून मांडलेली. मातकट, त्यावर काळे शिंतोडे. दगड मांडलेले नसते तर दुर्बिणीतूनही सापडली नसती. पोराला मी विचारलं, कुणी सांगितलं होतं का असं करायला. तो म्हणाला, "सांगायला कशाला पायजे? बा म्हणतो, टिटवीनं तळात अंडी घातली म्हंजी पाऊस लांबतोय. उंचावर घातली तर चांगला पडतोय. म्हणून बघायला थांबलो, मंग कसं मोडायचं?"

पावसाचं खरं-खोटं पावसाळाच ठरवील. पण टिटवी अशा उघड्या रानात अंडी घालते आणि सोलापूरच्या उन्हात ती शिजत कशी नाहीत, हे मला बरेच दिवस पडलेलं कोडं होतं. ते तिथंच सुटलं. आम्ही मागं सरकून गाडीच्या आडोशाला उभे राहिलो. ओरडा थांबला. एक टिटवी तुरुतुरु चालत पाण्यापर्यंत गेली, छाती-पोट पाण्यात बुडवून उभी राहिली, मग ओली तशीच परत आली आणि अंड्यांवर बसली. पोटाची पिसं भिजवून आणून ती अंडी गार ठेवते. नर-मादी दोघंही आळीपाळीनं हे करतात. वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. पाण्याची कड तिथून चांगली शंभर पावलं लांब गेली होती आणि रोज आणखी लांब जाणार होती. पिल्लं बाहेर यायला चार आठवड्यांच्या आसपास लागतात. तेवढे दिवस, दुपारच्या उन्हात, इतक्या खेपा.

वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात देवीचा प्रसाद होता. "हंडे भरून आणतेय बघा ती," ती म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं. पिंपं भरण्याची ती सकाळ आम्हा दोघींनाही आठवली असणार. मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला नाही.

मंडपवाला आमच्या आधी येऊन बसला होता. दादा त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

त्यानंतर लग्न अंगावर आलं. पाहुणे, चहाच्या आधणावर आधणं, गच्चीवर गाद्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे, रात्री बारापर्यंत रुखवताची मांडणी. मला तळ्यावर जाणं शक्य नव्हतं. पण साडेपाचला दार लोटल्याचा आवाज रोज यायचा. आजोबा आणि नातू निघालेले असायचे. हळदीच्या दिवशी ते परत आले तेव्हा अंगणात पुतणीला पाटावर बसवलेलं होतं, माझे हात कोपरापर्यंत पिवळे. मुलानं वही माझ्या तोंडासमोर धरली. "अडई २२, उडताना शीळ घालतात. टिबुकली ७, एकीच्या पाठीवर पिल्लं २." पिल्लं पाठीवरच्या पिसांत बसून फक्त डोकी बाहेर काढतात, हे त्यानं मला, पाटाभोवतीच्या सगळ्या बायकांना आणि नवरीला, अभिनय करून दाखवलं. नवरी इतकी हसली की हळद डोळ्यात गेली.

अक्षता पडल्या, पाठवणी झाली. घर एकदम मोठं झालं. मी आणखी तीन दिवस राहिले, भांडी मोजून परत करायची होती, आईला एकटं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी नवं जोडपं देवदर्शनाला तुळजापूरला गेलं. दुपारी चारच्या सुमाराला पुतणीचा फोन आला. मला वाटलं दर्शन झाल्याचं सांगायला असेल.

"आत्या, आम्ही हिप्परग्याला उतरलोय. ते दगड आहेत तसेच आहेत. पण आत अंडी नाहीत." तिचा आवाज रडवेला होता. "एकपण नाही."

"टरफलं दिसतात का?"

"काहीच नाही. नुसता खड्डा."

"आणि टिटव्या?"

"त्या डोक्यावर ओरडायल्यात ना! कधीच्या. जावईबापू तर हातानं हाकलायलेत."

मी उठून उभी राहिले. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत चालायला लागतात, आणि आईबापाचा इशारा झाला की मातीला चिकटून निपचित पडतात. आईबाप टरफलं उचलून लांब नेऊन टाकतात. जोडी जागा सोडत नाही आणि इतकं ओरडते याचा अर्थ मला एकच लागत होता.

"ऐक," मी म्हटलं, "पिल्लं तुमच्या पायाशीच कुठंतरी असतील. खड्यांसारखी दिसतात. हाकलू नका त्यांना. आलात त्याच पावलांवर मागं फिरा, आणि प्रत्येक पाऊल बघून टाका."

फोन चालूच राहिला. वाऱ्याचा आवाज, दोन टिटव्यांचा कल्लोळ, आणि मधूनच चुड्याची किणकिण. मुलगा माझ्या दंडाला धरून कान फोनला लावून उभा होता. अण्णाही खुर्ची सरकवून जवळ आले.

"थांबा," पुतणी तिकडं कुणाला तरी दबक्या आवाजात म्हणाली. "तिथं नका ठेवू पाय. तो खडा हललाय."